माडावर चढणाऱ्या यंत्राचं बोधचिन्ह कसं असावं?

वर्कशॉप_कुडाळ

नमस्कार मंडळी. आम्ही चौघे मित्र कुडाळच्या एमआयडीसीत भाड्याच्या शेडमध्ये माडावर चढून नारळ पाडणारा रोबो तयार करतोय. ॲल्युमिनियमची उघडमीट होणारी कडी खोडाभोवती बसवायची, आतली तीन रबरी चाकं खोडाला घट्ट धरतात, मोटर चालू केली की यंत्र वर सरकतं. शेंड्यापाशी पोचलं की खालचा माणूस कॅमेऱ्यात बघत रिमोटने घडाचा देठ कापतो. बाणवली जातीच्या उंच माडांवर चाचण्या चालू आहेत. नारळी पौर्णिमेला पहिली यंत्रं बागायतदारांच्या हातात द्यायची आहेत.

यंत्र जमलंय, अडलंय बोधचिन्हापाशी. नाव इथे देत नाही, कारण ट्रेडमार्कचा अर्ज अजून केलेला नाही. सध्या तीन कच्ची चित्रं आहेत. पहिल्यात एकमेकांत अडकलेले तीन गिअर आणि मधोमध माड. दुसऱ्यात रोबोचं डोकं, त्यावर केसांच्या जागी झावळ्या. तिसऱ्यात चित्र नाहीच, फक्त नाव. रंगावरूनही वाद आहे. एक भागीदार म्हणतो निळा, कारण सगळ्या टेक्नॉलॉजी कंपन्या निळ्या असतात. मला हिरवा हवा. तुमचं मत द्या, आणि डिझायनरकडे जाताना काय काय विचारून घ्यावं तेही सांगा.

सुरंगी

अभिनंदन! दुसरं चित्र नको. झावळ्यांचे केस लहान मुलांच्या वहीवर शोभतील. पाहणाऱ्याला ते खेळणं वाटेल, आणि तुम्हाला तर बागायतदाराने भरवशाने पैसे मोजायला हवे आहेत.

गिअरबॉक्स

पहिलं चित्र तर आजच फाडून टाका. दात एकमेकांत बसलेले शेजारचे दोन गिअर नेहमी उलट दिशांना फिरतात. तीन गिअर त्रिकोणात एकमेकांना लावले की पहिला उजवीकडे, दुसरा डावीकडे, आणि तिसऱ्याला एकाच वेळी दोन्हीकडे फिरावं लागेल. म्हणजे सगळं जॅम. पोस्टरांवर, सरकारी पुस्तिकांवर, इंजिनिअरिंग कॉलेजांच्या स्मरणिकांवर ही चूक सर्रास दिसते. ब्रिटनच्या दोन पौंडांच्या जुन्या नाण्यावर गिअरांचं एक गोल कडं आहे, त्यात १९ गिअर आहेत. विषम संख्या असल्यामुळे तेही फिरणार नाही.

नाण्याचं काही अडत नाही, त्याला चालायचं नसतं. तुमचं यंत्र मात्र चढायला हवं. गिऱ्हाइकांत एखादा फिटर असला तर चिन्ह बघूनच म्हणेल, यांना गिअर कळत नाहीत.

खाडीकाठ

एवढा विचार कशाला? एआयला सांगा, दोन मिनिटांत पन्नास चिन्हं देईल. आम्ही होमस्टेचं तसंच केलं.

रेडियम_कटिंग

@खाडीकाठ, तुमच्यासारखी चित्रं घेऊन रोज कोणीतरी माझ्या दुकानात येतं म्हणून लिहितो. कणकवलीत माझं रेडियमचं आणि फ्लेक्सचं काम आहे. रिक्षा, टेम्पो, होड्या, पाण्याच्या टाक्या, सगळ्यांवर अक्षरं चिकटवतो. मोबाइलमधून व्हॉट्सॲपवर आलेलं चित्र मोठं केलं की कडा फाटतात. मशीनला कापायला रेघ लागते, ठिपके चालत नाहीत. मग आम्हाला ते सगळं कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा गिरवावं लागतं, आणि गिरवताना मूळ चित्र थोडं तरी बदलतंच. त्यामुळे तीन दुकानांतून काम करून घेतलंत तर तीन वेगळी चिन्हं हातात येतात.

वर्कशॉपवाल्यांनो, डिझायनरकडून व्हेक्टर फाईल, म्हणजे ठिपक्यांची नव्हे तर रेघांची फाईल, मागून घ्या. एसव्हीजी किंवा इलस्ट्रेटर सॉफ्टवेअरची एआय फाईल हवीच, आणि आमच्याकडे सगळीकडे कोरल चालतं म्हणून सीडीआरसुद्धा, तीही जुन्या आवृत्तीत सेव्ह केलेली. अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे फॉन्टऐवजी रेघांचे आकार करून द्यायला सांगा. श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये बसवलेलं नाव दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडलं की भलतीच अक्षरं दिसतात.

आता खरी गोष्ट. हे चिन्ह यंत्रावर चिकटणार, यंत्र समुद्राकाठच्या बागेत फिरणार. रेडियम कापून झाल्यावर नको असलेला भाग आम्ही सुईच्या टोकाने उचलून काढतो. त्यात दोन मिलिमीटरहून बारीक पट्टी असली तर ती नको असलेल्या भागाबरोबरच उठून येते. चिकटवल्यावरही टोकदार कोपरे सगळ्यात आधी सुटतात. खारा वारा आणि पावसाळा कोपऱ्याखाली शिरतो, त्यात लाल माती बसते आणि महिन्याभरात तिथे तांबडी किनार दिसायला लागते. कोपरे थोडे गोल ठेवा. झावळीच्या बारीक पात्या, सर्किटच्या रेघा, हे काहीही टिकणार नाही.

अक्षरवेडी

@रेडियम_कटिंग दादा, तुमचा प्रतिसाद डिझाइनच्या वर्गात वाचून दाखवायला हवा.

तिसऱ्या पर्यायाबद्दल, म्हणजे फक्त नावाबद्दल. नाव देवनागरीत घ्या, रोमन नंतर बघता येईल. यंत्र बागेत चालवणारा माणूस मराठी वाचणारा आहे. पण कुठलाही फॉन्ट उचलून नाव टाइप केलं की बोधचिन्ह झालं असं होत नाही. शिरोरेषेची जाडी, काना आणि वेलांटीची जागा, दोन अक्षरांमधली मोकळीक, हे हाताने जुळवावं लागतं. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींत नावं अशी रेखाटली की अक्षरं बघूनच नाटकाचा बाज कळायचा. सुरुवातीला आधार म्हणून ‘एक टाइप’ या मुंबईच्या संस्थेचे ‘मुक्त’ किंवा ‘बलू’ हे फॉन्ट घ्या. दोन्ही मुक्त परवान्याचे आहेत, व्यवसायात वापरायला अडचण नाही. इतर फॉन्टांचा परवाना मात्र वाचून घ्या.

दर्यावर्दी

कोकणातला रोबो म्हणजे त्यावर सिंधुदुर्ग किल्ला पाहिजे! १६६४ मध्ये महाराजांनी मालवणच्या समोर समुद्रात किल्ल्याची पायाभरणी केली, आपल्याकडे इंजिनिअरिंग म्हटलं की तेच आठवतं. किल्ल्याची तटबंदी आणि त्यावर महाराजांची छायाकृती. बघणाऱ्याची मान आपोआप ताठ होईल.

तिठा

@दर्यावर्दी, भावना पूर्ण मान्य, पण हे करता येणार नाही. बोधचिन्हं आणि नावं यांचा अनुचित वापर रोखणारा १९५० चा कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र दोन्ही आहेत. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ते व्यापारासाठी किंवा ट्रेडमार्कमध्ये वापरता येत नाही. अशोकस्तंभासाठी २००५ चा वेगळा कायदा आहे. मी वकिली करते, असे अर्ज घेऊन येणाऱ्यांना हे आधीच सांगावं लागतं.

दर्यावर्दी

हे माहीत नव्हतं ताई. मग नुसता किल्ला?

तिठा

कायद्याच्या अंगाने किल्ल्याचं चित्र वेगळं पडतं. पण मालवणात हॉटेलं, स्कूबावाले, मसाल्याची पाकिटं, सगळ्यांवर तो किल्ला आहे. त्यात यांचं यंत्र ओळखायचं कसं?

कातळ

मी कातळशिल्प सुचवतो. बारसू, देवीहसोळ, उक्षी, कशेळी, सगळी आपल्या सड्यांवर कोरलेली. २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत कोकणातली कातळशिल्पं गेली. कशेळीच्या हत्तीच्या पोटात कितीतरी छोटे प्राणी कोरलेले आहेत. बारसूच्या मनुष्याकृतीची रेघ एवढी साधी आहे की रेडियमवाल्या दादांचं मशीन ती सहज कापेल. हजारो वर्षांपूर्वीचा माणूस आणि आजचा रोबो, दोन्ही एका रेघेत.

सुरंगी

रेघ सुंदर आहे, वाद नाही. पण त्या आकृतीचा आणि नारळ पाडण्याचा संबंध काय? बारसूची आकृती कोणी, का कोरली हे अजून अभ्यासाचा विषय आहे. एका यंत्राच्या झाकणावर ती चिकटवणं मला बरं वाटत नाही. कातळशिल्पं बघायला लोकांनी सड्यावर जावं.

कातळ

तुमच्या म्हणण्यात दम आहे, तरी मी पूर्ण सहमत नाही. वारली चित्रं कपांवर आणि पडद्यांवर आली म्हणूनच ती घराघरांत माहीत झाली.

सुरंगी

माहीत झाली, आणि कपावरचं चित्र ज्याने काढलं त्याचं नाव कपावर कुठेच नाही. माझा आक्षेप तोच आहे.

ओसरी

कुडाळात बसून शेजारचं पिंगुळी गाव कसं कोणाला आठवलं नाही? ठाकर समाजाची चित्रं दाखवत गोष्ट सांगायची चित्रकथी, चामड्याच्या बाहुल्या आणि कळसूत्री. ही कला जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. दोऱ्यांनी सांधे हलवून लाकडाला जिवंत करणारे लोक शेजारी आहेत आणि हे रोबोसाठी निळा रंग शोधताहेत!

अक्षरवेडी

@ओसरी, सूचना फार आवडली, पण चिन्हासाठी नाही. चामड्याच्या बाहुलीचं सौंदर्य तिच्यातल्या बारीक छिद्रांत आहे. बाहुलीमागे दिवा ठेवला की त्या छिद्रांतून उजेड पडद्यावर येतो. मोबाइलवरच्या ॲपच्या चौकोनात किंवा ब्राउझरच्या टॅबवर, जिथे १६ पिक्सेल जागा मिळते, तिथे त्याचा नुसता काळा ठिपका होईल. त्यापेक्षा यंत्राबरोबर जी माहितीपुस्तिका द्याल ती पिंगुळीच्या चित्रकाराकडून काढून घ्या. कडी कशी उघडायची, खोडाला कशी बसवायची, बॅटरी कधी बदलायची, चित्रामागून चित्र. कलाकाराला पैसे द्या आणि पहिल्या पानावर त्याचं नाव छापा. सुरंगीताईंचा आक्षेपही त्यातून सुटतो.

वर्कशॉप_कुडाळ

पुस्तिकेची कल्पना चौघांनाही पटली. या आठवड्यात पिंगुळीला जाऊन विचारतो.

पाडेल्याचो_झील

माझो बापूस पाडेली, माडार चडान नारळ पाडता. अजूनव वाडयेत तेकाच बोलावतत. तुमी यंत्र करतास ता बरा आसा, आता चडणारे गावणत नाय आणि माडावरसून एक जरी पडलो तरी सगळा घर बसता. पण चिन्नात नुसता यंत्रच दाखवलास तर लोकांक वाटतला मानसाचा काम गेला. यंत्र चालवूक पण मानूसच लागतलो मां? तेचो हात खयतरी दिसाक होयो.

वर्कशॉप_कुडाळ

दादा, हे आमच्याही मनात आहे. यंत्र चालवायचं प्रशिक्षण आधी पाडेल्यांनाच द्यायचं ठरवलंय. कुठला घड तयार आहे, कुठला अजून ठेवायचा, हे कॅमेऱ्यात बघून त्यांनाच कळतं. आम्हाला शहाळं आणि नारळ यातला फरक खालून ओळखता येत नाही. तुमच्या वडिलांना एकदा शेडवर घेऊन या. नारळ विकास मंडळाची केरा सुरक्षा ही विमा योजना माडावर चढणाऱ्यांसाठी आहे. त्यांनी घेतली नसेल तर ती आधी घ्या, आमच्या यंत्राची वाट बघू नका.

बागायत

बोधचिन्हाचं चालू द्या, मला दोन प्रश्न आहेत. वर असताना बॅटरी संपली तर यंत्र डोक्यावर येणार का? आणि पोफळीवर चालेल का?

वर्कशॉप_कुडाळ

नाही येणार. मोटर आणि चाकांच्या मध्ये वर्म गिअर आहे. मोटर त्याला फिरवू शकते, चाकांना उलटा जोर लावून मोटर फिरवता येत नाही. वीज गेली की यंत्र जिथल्या तिथे धरून राहतं, शिवाय सुरक्षेचा दोर आहेच. पोफळीचं खोड फार बारीक आणि लवचिक, त्यासाठी वेगळी कडी लागेल. सध्या फक्त माड.

सुरंगी

बसल्या बसल्या एक सुचलं. तुम्ही सगळे यंत्राकडे समोरून बघताय. माडाच्या शेंड्यावरून खाली बघितलं तर काय दिसेल? मधे खोडाचा गोल, त्याला तीन बाजूंनी धरलेली तीन चाकं, भोवती कडी. बोधचिन्ह तर तयारच आहे! माड नाही, रोबोचं डोकं नाही, गिअर नाहीत. पकड आहे. बागायतदाराला यंत्रात पहिली शंका तीच असते ना, की हे घट्ट धरतं का?

गिअरबॉक्स

वा! आणि तीनच चाकं का, याला उत्तरही आहे. लेथवरच्या थ्री-जॉ चकमध्ये तीन जबडे एकदम आत येतात आणि गोल वस्तू आपोआप केंद्रात बसते. माड बुंध्याशी जाड आणि वर निमुळता, तरी तीन चाकं बरोबर सरकली की यंत्र मध्यावर राहतं. जे यंत्रात खरं आहे तेच चिन्हात येतंय. विचारणाऱ्याला दोन वाक्यांत समजावून सांगता येईल.

खाडीकाठ

मी आत्ता कागदावर काढून बघितलं. माझ्या सातवीतल्या मुलीने लांबून विचारलं, फिजेट स्पिनर काढतोयस का? चार गोल आले की तेच दिसतं.

अक्षरवेडी

मुलीचे आभार माना. हीच परीक्षा घ्यायची असते, काही न सांगता दाखवायचं आणि पहिलं काय आठवतं ते ऐकायचं. चाकं गोल काढू नका. बाहेरच्या कडीतून आत आलेली तीन जाड, बोथट टोकं काढा. आणि कडी पूर्ण बंद ठेवू नका. ती उघडते हे यंत्राचं वैशिष्ट्य आहे, तर एका ठिकाणी फट दाखवा.

तिठा

फट खालच्या बाजूला ठेवू नका! निळा गोल, मधे छोटा गोल आणि खाली चीर म्हटलं की स्टेट बँक. राष्ट्रीय डिझाइन संस्थेतल्या शेखर कामत यांचं ते १९७१ चं डिझाइन, आणि देशात ते न ओळखणारा माणूस सापडायचा नाही. त्यात तुमच्या भागीदाराला निळा रंग हवाय. फट वर उजवीकडे न्या, निळा सोडा.

आता कागदपत्रांचं सांगते, मूळ प्रश्नात डिझायनरकडे जाण्याबद्दल होतं. चिन्ह काढून घेतलं, पैसे दिले, म्हणजे ते आपलं झालं असं समजू नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलाकृतीचा पहिला मालक साधारणपणे ती काढणारा असतो. हक्क तुमच्याकडे यायचा तर लेखी हस्तांतरण लागतं. त्यात मुदत लिहिली नाही तर ते पाच वर्षांचंच धरलं जातं, आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतंच. म्हणून कायमसाठी आणि जगभरासाठी हे स्पष्ट लिहून सही घ्या. माझ्या एका पक्षकाराने हे केलं नव्हतं. निर्यात सुरू झाल्यावर डिझायनर पुन्हा दारात उभा राहिला, आणि त्याचं म्हणणं कायद्याला धरून होतं.

ट्रेडमार्कसाठी यंत्रं वर्ग ७ मध्ये येतात. ॲप वेगळं विकणार असाल तर वर्ग ९ सुद्धा. उद्यम नोंदणी किंवा स्टार्टअपची मान्यता असली तर ऑनलाइन अर्जाला एका वर्गाचे ४,५०० रुपये लागतात, नसली तर कंपनीला किंवा भागीदारी संस्थेला ९,०००. अर्जाआधी ट्रेडमार्क नोंदणीच्या संकेतस्थळावर शोध घ्या, तो फुकट आहे. नावाबरोबर चित्रांचाही शोध घेता येतो. चित्रातल्या घटकांना व्हिएन्ना कोड दिलेले असतात, त्यांवरून सारखी दिसणारी चिन्हं सापडतात. अर्ज केल्यावर टीएम लावा. गोलातला आर नोंदणी झाल्याशिवाय लावणं गुन्हा आहे.

रेडियम_कटिंग

रंगाचं राहिलं. माडाच्या बागेत हिरवं यंत्र हरवतं. नारळ कापायचं पातं वर चालू असताना खालच्यांना यंत्र ठळक दिसायला पाहिजे, म्हणून यंत्राचं अंग नारिंगी किंवा पिवळं घ्या. पण तो रंग फ्लेक्सच्या शाईत नको. उन्हात लाल आणि पिवळी शाई आधी उडते, निळसर तेवढं मागे राहतं. रस्त्यावरचे जुने फ्लेक्स बघा. पावडर कोटिंग करून घ्या आणि त्यावर चिन्ह काळं.

गिअरबॉक्स

त्याच्या जोडीला एक छोटी पट्टीही लावा, ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमवर लेझरने कोरलेली, चिन्ह आणि यंत्राचा क्रमांक. ती सुटत नाही, उडत नाही. स्टीलची घेणार असाल तर ३१६ ग्रेड घ्या. ३०४ वर खाऱ्या हवेत तांबूस डाग पडतात, आणि आपल्या नावावरच गंज चढलेला बरा दिसत नाही.

वर्कशॉप_कुडाळ

रात्री चौघे बसलो आणि ठरवलं. वरून दिसणारी उघडी कडी, फट वर उजवीकडे, आत तीन बोथट टोकं, मधला खोडाचा गोल मोकळा. बाजूला देवनागरीत नाव, हाताने जुळवलेलं. यंत्राचं अंग नारिंगी, चिन्ह काळं. निळ्याचा आग्रह धरणारा भागीदारही स्टेट बँकेचा मुद्दा ऐकून तयार झाला.

@पाडेल्याचो_झील, हात चिन्हात बसला नाही. बोटं काढली की सगळं बारीक होतं. पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर मात्र रिमोट धरलेला पाडेली असेल, यंत्र त्याच्या मागे.

पाडेल्याचो_झील

मुखपृष्ठार आसा तर चलात. बापाशीक घेवन रविवारी येतंय.

तिठा

अर्ज काळ्या-पांढऱ्यात करा. ट्रेडमार्क कायद्यात रंगाची मर्यादा न घालता नोंदवलेलं चिन्ह सगळ्या रंगांसाठी नोंदलेलं धरतात. उद्या यंत्र पिवळं केलंत तरी पुन्हा अर्ज नको.

रेडियम_कटिंग

फाईल तयार झाली की आधी माझ्याकडे पाठवा. एक वीतभर आणि एक दोन बोटं रुंद, असे दोन तुकडे कापून देतो. पैसे नकोत. चाचणीच्या यंत्रावर चिकटवा आणि पावसाचे पहिले पंधरा दिवस जाऊ द्या. कुठला कोपरा उठतो ते बघून डिझायनरला शेवटचा बदल सांगा, त्यानंतरच पट्ट्यांची ऑर्डर द्या.